सुकडी, कंदील आणि पितळेची घागर

आज लिहितोय ते दिवाळीच्या फराळातल्या एका डब्यामुळे.

झालं असं, की गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्यानं एक चित्र टाकलं. लाल लाइफबॉयची वडी, माकडछाप काळी टूथ पावडर, डालड्याचा पिवळा डबा, बिनाकाची ट्यूब. खाली प्रश्न: यातलं काय काय वापरलंय? झालं! पुण्यापासून बंगळूरपर्यंतची सगळी चुलत-मावस भावंडं त्यावर तुटून पडली. कुणाला रावळगावच्या गोळ्या आठवल्या, कुणाला चांदोबा, कुणाला जत्रेतल्या तंबूत बघितलेला दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या'. आणि शेवटी नेहमीचं पालुपद, "तो काळच भारी होता राव!"

या सगळ्यात मी आघाडीवर, हे सांगायला नकोच. मी तर रात्री जागून यादीच केली. कवठे महांकाळमधलं आपलं लहानपण, सतरा वस्तूंत. यादीतली पहिली वस्तू सुकडी. नुसतं लिहून थांबलो नाही, तर बायकोच्या मागे लागून गव्हाचं पीठ, डाळीचं पीठ भाजून, गूळ-शेंगदाणे कुटून घालून ती करवून घेतली, डब्यात भरली आणि तिचा फोटोही टाकला. सगळ्यांनी वा वा केली. फक्त आक्का काही बोलली नाही. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी थोरली. ती अजून तिकडेच असते, कवठ्यापासून जवळच्या एका गावात. मला वाटलं, फोन बघितला नसेल.

भाऊबीजेला डबा घेऊन गेलो. तिनं झाकण उघडलं, वास घेतला आणि परत लावून टाकलं. म्हणाली, "पोरांना दे. मला त्यो वास आला की खडीची धूळ आठवती."

इथे थोडं थांबून नव्या मंडळींसाठी सांगतो, सुकडी म्हणजे काय ते. १९७२ चा दुष्काळ तुम्ही ऐकून असाल. खरं तर तो एका वर्षाचा नव्हताच. १९७० पासून पावसानं लागोपाठ हात आखडता घेतला होता आणि १९७२ ला कंबरडं मोडलं. आमचा भाग आधीच पर्जन्यछायेतला. सह्याद्रीवर धो धो कोसळून ढग आमच्याकडे येईतो रिकामे होतात. त्यामुळे त्याच सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी ऊस आणि पूर्वेला कवठे महांकाळ, जत, आटपाडीकडे कुसळं, असं चित्र. त्या साली विहिरींनी तळ गाठला, अग्रणी नदीत नुसती वाळू राहिली. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. आणि सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव आणि खडी फोडणे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. या कामांवरच्या मजुरांना जो गोड, कोरडा, पौष्टिक चुरा वाटायचे, ती सुकडी.

मी तेव्हा आठ वर्षांचा. संध्याकाळी आई आणि आक्का कामावरून यायच्या, आक्का फडक्याची गाठ सोडायची आणि माझ्या ओंजळीत सुकडी पडायची. मिलोची लाल भाकरी घशाखाली उतरत नसे, त्यामुळे ही चव म्हणजे स्वर्ग. माझ्या आठवणीत दुष्काळ गोड लागतो, तो असा.

पण अकरा वर्षांची आक्का कामावर काय करत होती? खरं सांगतो, पन्नास वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. भाऊबीजेच्या दिवशी पडला. तिचं नाव मस्टरवर नव्हतं. आई खडी फोडायला बसायची आणि आमचा धाकटा भाऊ होता वर्षाचा. त्याला सांभाळायला आक्का जायची. झाडाला झोळी बांधून ती दिवसभर दोर हलवत बसायची, आणि बाळ झोपलं की आईच्या शेजारी बसून बारकी खडी फोडायची. चौथीत होती. त्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. हे आमच्या घरी कुणी ठरवून केलं असं नाही. बाळ मोठं झालं, पाऊस पडला, पण तोवर तिच्या वयाच्या पोरी पुढे निघून गेल्या होत्या. मी मात्र पाचवी, सहावी करत पुण्याला पोचलो.

यादी वाचून दाखव म्हणाली. मी वाचायला लागलो.

दुसरी वस्तू, कंदील. आमच्याकडे ओगल्यांचा 'प्रभाकर' होता. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. त्यांचा हा कंदील महाराष्ट्रात इतका घरोघरी गेला, की कित्येक घरांत प्रभाकर म्हटलं की कंदीलच समजायचे. पुढे गावोगाव वीज आली आणि कारखानाही बंद पडला. आमच्या घरी वीज यायला १९८० उजाडलं. मी यादीत लिहिलं होतं, "कंदिलाच्या पिवळ्या उजेडात 'किशोर' वाचण्याची मजा काही औरच."

आक्का म्हणाली, "काच कोण पुसायचं?"

मला आठवलं. रोज दिवेलागणीच्या आधी राखेनं काच पुसायचं काम तिचं. का, तर काचेच्या आत जाईल एवढा लहान हात घरात तिचाच होता. माझाही गेला असता की! पण मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्यापाशी एक पांढरी रेघ आहे. ती काचेची. ही रेघ मी लहानपणापासून बघतोय, फक्त ती कंदिलाला जोडून कधी बघितली नव्हती.

तिसरी वस्तू, रेडिओ. इथे मात्र आक्काचा चेहरा खुलला. रेडिओ मामाचा. आमचा मामा गलाईवाला. म्हणजे सोन्या-चांदीची आटणी करून शुद्ध करणारा. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ या पट्ट्यातली हजारो माणसं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. शेतीत काही राम नाही, पाऊस भरवशाचा नाही, मग करायचं काय? मामा गेला कोइमतूरला. तिथून येताना बार्शी लाइटनं आला. मिरजेहून पंढरपूरकडे जाणारी ती अडीच फुटी रुळांची छोटी गाडी, आमच्याकडे १९२७ साली आलेली. तिच्या वेगाच्या गमती तुम्ही ऐकल्याच असतील. आता तिथून ब्रॉडगेज धावते. तर त्या गाडीतून उतरलेल्या मामाच्या हातात चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर होता. त्याचं लायसन्स पोस्टात काढावं लागे. दर वर्षी पैसे भरून पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. आजच्या पोरांना सांगितलं तर हसतात.

दिवसा आकाशवाणी सांगली. हे केंद्र १९६३ चं. शेतकऱ्यांचे कार्यक्रम, बाजारभाव, भजनं. आणि बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला. १९५२ साली सुरू झालेली. अमीन सायानी गेले २०२४ मध्ये, तेव्हा मी ग्रुपवर भलामोठा लेख टाकला होता. त्यात लिहिलं होतं, की आम्ही सगळे रेडिओभोवती बसायचो. आक्का म्हणाली, "तुम्ही बसायचा. मी चुलीपाशी. पर गाणी मलाच ठावं हायती." आणि मग तिनं कुठल्या साली कुठलं गाणं कितव्या पायदानावर होतं, ते धडाधड सांगितलं. मी घरी येऊन ताडून बघितलं, मला सापडली तेवढी सगळी बरोबर निघाली! चौथीत शाळा सुटलेल्या पोरीच्या डोक्यात दर आठवड्याचं पायदान पन्नास वर्षं जसंच्या तसं राहिलंय. बुधवारी ती पाण्याच्या खेपा चार वाजल्यापासूनच सुरू करायची म्हणे. आठच्या आत उरकावं म्हणून.

आणि पाण्यावरून गाडी आली घागरीवर.

यादीत सातवी वस्तू होती, आईची पितळेची घागर. ती माझ्याकडे आहे. आई गेल्यावर मी आठवण म्हणून पुण्याला आणली, पितांबरीनं लख्ख घासली, आणि आमच्या हॉलमध्ये कोपऱ्यात ठेवली. बायको तिच्यात सुकलेली फुलं ठेवते. येणारे-जाणारे हमखास विचारतात, "किती सुंदर अँटिक पीस! कुठून घेतला?" मी यादीत लिहिलं होतं, की या प्लास्टिकच्या जमान्यात पितळेच्या घागरीची शान कशाला येणार.

आक्का बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शान तुला दिसती. मला मान दिसती. माझी." आणि हसली. तिचं हसणं तसं कडवट नव्हतं, हेही सांगायला हवं.

मग तिनं जे सांगितलं ते मी कुठल्याच स्मरणरंजनात वाचलेलं नाही. तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वस्तू कोणती, तर प्लास्टिकची घागर. लग्न झालं तेव्हा आईनं पितळेचीच दिली होती. सासरीही विहीर लांबच. दोन-चार वर्षांनी बाजारात प्लास्टिकच्या घागरी आल्या. पहिली घागर तिनं शेंगा विकून आलेल्या पैशांतून घेतली. सासूबाई रागावल्या, प्लास्टिकला वास मारतो म्हणाल्या. पण महिन्याभरात सासूबाईंनीही एक घेतली! "रिकामी घागर घेऊन चालताना डोक्यावर काय हाय का न्हाई कळायचं न्हाई," आक्का सांगत होती, "त्या दिशी जाताना गाणं म्हणत गेली मी."

पुण्याला आल्यावर मी घागर वजनकाट्यावर ठेवली. रिकामी, साडेतीन किलो. पाणी भरून मोजलं तर तेरा लिटर. म्हणजे साडेसोळा किलो. अकरा वर्षांच्या पोरीचं वजन असून असून किती असेल? दिवसाला सहा खेपा. मी भरलेली घागर खांद्यावर घेऊन हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत गेलो आणि खाली ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे आठवणी काढायच्याच नाहीत का? तसं नाही हो. मला सुकडी आवडते ते खोटं नाही. कंदिलाचा उजेड पिवळाच होता. फक्त, ज्या वस्तू आपण "आपल्या काळाच्या" म्हणून मिरवतो, त्या आपल्यापर्यंत कशा आल्या ते विचारलं की यादी बदलते. माझ्या यादीतल्या निम्म्या वस्तू तर दुष्काळानंच आमच्या घरात आणल्या होत्या. सुकडी कामावरून आली. रेडिओ मामाच्या परागंदा होण्यातून आला. आपला इतिहास लिहायला बसलेला मुलगा होता, उजेडात वाचत बसलेला. काच पुसणारीला कुणी विचारलंच नाही.

आणि मोठ्या इतिहासात तरी तिचा उल्लेख कुठे आहे? आहे म्हटलं तर आहे. ज्याला काम हवं त्याला सरकारनं काम द्यावं, हा विचार वि. स. पागे यांनी मांडला, आणि त्याचा पहिला प्रयोग १९६५ च्या सुमारास आमच्या शेजारच्या तासगाव तालुक्यात, विसापूरला झाला. बहात्तरच्या दुष्काळात तो राज्यभर गेला. १९७७ मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला, तो १९७९ मध्ये लागू झाला आणि २००५ मध्ये देशभरासाठी तसाच कायदा आला. यातली कागदपत्रं ग्रंथालयात मिळतात. आईचं नाव कुठल्या तरी जुन्या मस्टरवर असेलही. झोळीचा दोर हलवणाऱ्या पोरीचं नाव कुठल्याच कागदावर नाही. म्हणून इथे लिहून ठेवतोय.

आता म्हैसाळ योजनेतून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून आमच्या भागात येतं. आक्काच्या शिवारात द्राक्षाची बाग आहे, घरात नळ आहे. निघताना मी धीर करून विचारलं, "आक्का, आईची घागर तुला हवी होती का? मी न विचारताच नेली."

"मला? नको रं बाबा. तुझ्याकडंच राहू दे. तुला वजन ठावं नव्हतं, म्हणून तर उचललीस."

परवा मी यादी दुरुस्त केली. घागर यादीत आहे, पण तिच्यापुढे आता साडेसोळा किलो असं लिहिलंय. कंदिलापुढे आक्काच्या अंगठ्याबद्दल लिहिलंय. आणि शेवटी अठरावी वस्तू वाढवली: प्लास्टिकची घागर, हिरवी, आक्काच्या शेंगांच्या पैशांतून. ग्रुपवर टाकली. तुमच्याही घरी अशी कुणी काच पुसणारी असेल, तर यादी करण्याआधी तिला विचारून घ्या, एवढंच सांगणं.

या खेपेला आक्काचं उत्तर आलं. ग्रुपवर तिनं पहिल्यांदाच काही लिहिलं. दोनच शब्द.

"निळी व्हती."