पायडल ते वीज : पुणे परिसरातील तीनचाकी, श्रममुक्ती आणि मालकीचा प्रश्न

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास बहुधा स्कूटर, मोटारसायकल आणि मोटार यांच्या कारखान्यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. या पट्ट्याच्या जडणघडणीत तीनचाकी वाहनाचे स्थान मात्र तितकेच मूलभूत आहे. माणसाच्या स्नायुबळावर चालणाऱ्या वाहनाला यंत्राची जोड देणे, ही कल्पना या प्रदेशात स्वातंत्र्यानंतर लगेचच रुजली आणि सुमारे अर्धशतकानंतर सायकल-रिक्षाच्या विद्युतीकरणाच्या रूपाने ती पुन्हा पुढे आली. प्रस्तुत लेखात या दोन टप्प्यांचा परस्परसंबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे. यंत्राने श्रम हलके होतात, हे निर्विवाद आहे; परंतु हलक्या झालेल्या श्रमाचा लाभ श्रमिकालाच मिळतो काय, हा या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे.

पहिला टप्पा : इंजिनाची तीनचाकी

अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक व गांधीविचारांचे उद्योजक नवलमल फिरोदिया यांनी माणसाने माणसाला ओढण्याच्या प्रथेला पर्याय म्हणून मोटाररिक्षाचा पुरस्कार केला. १९४५ मध्ये स्थापन झालेली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन प्रारंभी दुचाकी व तीनचाकी वाहने आयात करून विकत असे. पुढे बजाज ऑटो या नावाने ओळखल्या गेलेल्या या कंपनीस १९५९ मध्ये दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या उत्पादनाचा सरकारी परवाना मिळाला. तत्पूर्वी १९५८ मध्ये फिरोदिया यांनी बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन केली होती. या कंपनीत जर्मन सहकार्याने मालवाहू तीनचाकी तयार होऊ लागली. ‘टेम्पो’ हे कंपनीचे नाव मराठीत मालवाहू गाडीचे सामान्यनाम होऊन बसले, यावरून या वाहनाचा प्रसार लक्षात येतो.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. पुण्यात मोटाररिक्षाने प्रामुख्याने टांग्याची जागा घेतली. सायकल-रिक्षा येथे फारशी रुजलीच नव्हती. नागपूर आणि उत्तर भारतातील शहरांत मात्र ती दीर्घकाळ उपजीविकेचे साधन राहिली. त्यामुळे ज्या श्रमिकाच्या मुक्तीचा विचार या उद्योगाच्या मुळाशी होता, तो श्रमिक या उद्योगाच्या परिघाबाहेरच राहिला.

दुसरा टप्पा : फलटणचा प्रयोग

सायकल-रिक्षाला वीज जोडण्याचा देशातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक या मोठ्या कारखान्यांत झाला नाही. तो सातारा जिल्ह्यातील फलटण येथे झाला. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम हाती घेतले. संस्थेने तीन पर्याय विकसित केले : सुधारित पायडल-रिक्षा, पायडलला मोटारीचे साहाय्य असलेली रिक्षा आणि पूर्णतः बॅटरीवर चालणारी ‘इलेक्शा’. या कामाचे विवेचन राजवंशी यांनी २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात केले.

या क्रमाला तांत्रिक अर्थ आहे. प्रचलित सायकल-रिक्षाला गिअर नसतात, ब्रेक बहुधा केवळ पुढच्या चाकास असतो आणि सांगाडा जड असतो. अशा वाहनाला थेट मोटार जोडल्यास वेग वाढतो. थांबण्याची क्षमता मात्र वाढत नाही. म्हणून सांगाडा, ब्रेक व गिअर यांची सुधारणा हा विद्युतीकरणाचा पाया ठरतो.

आवश्यक शक्तीचा ढोबळ हिशेबही उद्बोधक आहे. रिक्षा, चालक व दोन प्रवासी मिळून २७० किलो वजन धरल्यास सपाट रस्त्यावर ताशी ८ किलोमीटर वेगाने जाण्यासाठी सुमारे ७५ वॅट शक्ती लागते. निरोगी प्रौढ माणूस काही तास सातत्याने साधारणतः एवढीच शक्ती देऊ शकतो. पन्नास फुटांत एक फूट असा सौम्य चढ आला, की त्याच वेगासाठी सुमारे १९० वॅट लागतात. अशा वेळी चालकाला खाली उतरून रिक्षा ओढावी लागते. म्हणजे अवघी २५० वॅटची मोटार हा सारा अतिरिक्त भार उचलू शकते.

अडचण होती ती बॅटरीची. अशी मोटार पूर्ण शक्तीने चार तास चालविण्यासाठी एक युनिट वीज साठवावी लागते. शिसे-आम्ल बॅटरीत त्यासाठी सुमारे ३० किलो वजन लागते. बॅटरी टिकावी म्हणून तिची निम्मीच क्षमता वापरायची ठरविल्यास हे वजन ६० किलोवर जाते. म्हणजे रिक्षात जणू आणखी एक प्रवासी कायमचा बसतो. लिथियम बॅटरीने हे वजन बरेच घटविले. परंतु वाहनाची किंमत वाढविली.

कायद्याची चौकट

विद्युतीकरणामुळे सायकल आणि मोटार वाहन यांमधील कायदेशीर सीमारेषाच धूसर झाली. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी शक्तीचे व ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचे बॅटरीचलित वाहन मोटार वाहन मानले जात नाही. मात्र ही सूट मिळविण्यासाठीही अधिकृत चाचणी संस्थेकडून पडताळणी आवश्यक असते.

दिल्लीत विनानोंदणी ई-रिक्षांची संख्या वाढल्यावर ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना मनाई केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने नियम केले आणि २०१५ च्या दुरुस्ती कायद्याने ४००० वॅटपर्यंतच्या तीनचाकी ई-रिक्षेला मोटार वाहन कायद्यात स्वतंत्र स्थान दिले. चालक-परवान्याच्या अटीही शिथिल झाल्या.

या चौकटीमुळे पुणे परिसर पुन्हा केंद्रस्थानी आला. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही पुण्यातील संस्था, जिचे केंद्र चाकण येथेही आहे, आणि भोसरीची केंद्रीय रस्ते परिवहन संस्था या दोन्ही वाहनांना मान्यता देणाऱ्या चाचणी संस्था होत. नवलमल यांचे बंधू हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक समूहातील कंपनीने २०१६ मध्ये ‘सफर’ ही ई-रिक्षा बाजारात आणली. बजाजची विजेवरील चेतक स्कूटर २०१९ पासून चाकणमध्ये तयार होऊ लागली. २०२२ मध्ये आकुर्डीतही तिच्यासाठी नवा कारखाना उभा राहिला.

सुरक्षिततेच्या दृष्टीने चाचणीची सक्ती योग्यच होती. तथापि तिचा एक परिणाम दुर्लक्षिता येत नाही. आहे त्याच सायकल-रिक्षेचे छोट्या वर्कशॉपमध्ये रूपांतर करून घेण्याचा स्वस्त मार्ग तिने अरुंद केला आणि कारखान्यात तयार झालेल्या नव्या वाहनाचा मार्ग रुंद केला. वाहन महागले, की ते विकत घेण्याची ऐपत कोणाची, हा प्रश्न अपरिहार्यपणे पुढे येतो.

मालकीचा प्रश्न : माथेरानचा धडा

हा प्रश्न नवा नाही. रिक्षा ओढणारा आणि रिक्षेचा मालक हे अनेकदा भिन्न असतात. ओढणारा रोजचे भाडे भरतो. पंजाबमध्ये रिक्षाचा परवाना फक्त चालक-मालकालाच देण्याचा कायदा १९७५ मध्ये झाला. आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने कर्जपुरवठ्याची योजना आखून चालकाला मालक होण्याचा मार्ग दाखविला. कर्जाविना केवळ मालकीची अट घातली, तर चालकाचा रोजगारच जाईल, हे त्यामागील सूत्र होते.

महाराष्ट्रात याची प्रचीती रायगड जिल्ह्यातील माथेरान येथे आली. वाहनबंदी असलेल्या या गिरिस्थानी पर्यटकांना हातरिक्षेत बसवून माणसेच ओढत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने २०२२ च्या अखेरीस तेथे ई-रिक्षांचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. लगेचच वादाचा विषय ठरला तो ई-रिक्षा कोणाला मिळाल्या, हा. २०२४ मध्ये न्यायालयाने त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच देण्याचे निर्देश दिले. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने हातरिक्षांची प्रथा अमानवी ठरवून ती सहा महिन्यांत थांबविण्याचा आदेश दिला. खऱ्या रिक्षाचालकांची ओळख पटवून त्यांचे पुनर्वसन करण्यास सांगितले आणि १९८० च्या निकालाचाही आधार घेतला.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की तीनचाकीच्या यांत्रिकीकरणामागील मानवी प्रेरणा सात दशके कायम राहिली. तंत्र बदलत गेले. इंजिनाच्या टप्प्यात सायकल-रिक्षाचालक परिघाबाहेर राहिला. फलटणच्या प्रयोगाने त्याच्या वाहनाचा विचार केला, परंतु त्याला पूरक अशी पतपुरवठ्याची व नोंदणीची व्यवस्था त्या काळी उभी नव्हती. कायद्याने वाहनाला मान्यता दिली, ती प्रामुख्याने उत्पादित वस्तू म्हणून. माथेरान प्रकरणात मात्र वाहन आणि ते चालविणारा माणूस यांचा एकत्रित विचार झाला. ओढण्याचे कष्ट संपविणे हे अभियांत्रिकीचे कार्य आहे. त्या कष्टांवर जगणाऱ्याच्या हाती नव्या वाहनाची किल्ली देणे हे धोरणाचे. दुसरे न झाल्यास पहिल्याचा अर्थ श्रमिकापुरता बेरोजगारी एवढाच उरतो.