शाबासकी कुणाची?

आपल्याकडे महाविद्यालयात एकांकिका करणाऱ्या मुलामुलींना पुरुषोत्तम करंडक म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. पुण्यात १९६३ साली ही स्पर्धा सुरू झाली. बक्षिसाच्या रकमेवर कुणाचं घर चालत नाही, तरी त्या करंडकासाठी मुलं रात्र रात्र तालमी करतात. ज्यांना नाटक कळतं त्यांनी आपलं काम बघावं आणि चांगलं म्हणावं, एवढीच त्यांची ओढ असते. २०२२ साली तर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्यावरून बरीच नाराजी झाली, पण करंडकाला वजन का आहे तेही त्यातून कळलं. जो पुरस्कार नाकारला जाऊ शकतो, तोच मिळाल्यावर खरा वाटतो.

हे आठवण्याचं कारण म्हणजे इंटरनेटवर स्वतःच्या हिमतीवर छोट्या मालिका करणारी मंडळी. पाच-सात मिनिटांचा एक भाग, घरचीच जागा, मित्रच नट. चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र असतं, नाटकाला तिकीटबारी असते. या मंडळींकडे फक्त ‘किती जणांनी पाहिलं’ हा आकडा असतो, आणि मांजराच्या गमतीलाही तोच आकडा मिळतो. मग चांगलं काम ओळखायचं कसं? अमेरिकेत गेल्या वीसेक वर्षांत या प्रश्नाचा एक छोटासा इतिहास घडला आहे. तो मला फार बोलका वाटतो.

फेलिशिया डे ही लॉस एंजेलिसमधली अभिनेत्री. ऑनलाइन खेळांत बुडून गेलेल्या माणसांवर तिनं टीव्हीसाठी एक विनोदी मालिका लिहिली होती. विषय फारच थोड्या लोकांचा, असं टीव्हीवाल्यांना वाटलं. शेवटी जुलै २००७ मध्ये तिनं ‘द गिल्ड’ नावानं ती इंटरनेटवर आणली. पहिले तीन भाग पदरच्या पैशांतून झाले आणि पैसे संपले. तेव्हा प्रेक्षकांकडेच मदत मागितली. लोकांनी थोडे थोडे डॉलर पाठवले आणि पहिला हंगाम पूर्ण झाला. २००८ साली यूट्यूबचा सर्वोत्तम मालिकेचा पुरस्कार तिला मिळाला, ऑस्टिनच्या महोत्सवातही गौरव झाला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं दुसऱ्या हंगामाला पैसे दिले. मालिकेचे हक्क मात्र फेलिशियानं स्वतःकडेच ठेवले. पुरस्कारामुळेच हा करार झाला, असं मी म्हणणार नाही. पण दार ठोठावणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात एखादं ओळखपत्र असलं, तर दार उघडणाऱ्याला सोपं जातं, एवढं नक्की.

२८ मार्च २००९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये फक्त वेबमालिकांसाठीचा पहिला ‘स्ट्रीमी’ पुरस्कार सोहळा झाला. परीक्षणासाठी याच क्षेत्रातल्या लोकांची एक अकादमी स्थापन झाली होती. ‘द गिल्ड’ सर्वोत्तम विनोदी मालिका ठरली. आतापर्यंत ज्यांना घरचे लोकही ‘हे काय चाललंय तुझं’ असं विचारत असतील, ते सारे त्या संध्याकाळी एका छताखाली जमले. आपला एक व्यवसाय आहे, हे त्यांना तिथं दिसलं.

दुसऱ्याच वर्षी, एप्रिल २०१० मध्ये, सगळं बिनसलं. मोठं नाट्यगृह घेतलं, झगमगाट केला. पण तांत्रिक गोंधळ झाले, कमरेखालचे विनोद झाले, मंचावर नग्न माणसं धावली. सगळ्यात वाईट म्हणजे विनोद झाले ते वेबमालिका करणाऱ्यांवरच. ज्यांच्या सन्मानासाठी सोहळा, त्यांचीच टिंगल! निर्माते चिडले, आयोजकांना माफी मागावी लागली, आणि अकादमीनं संबंध तोडून २०१२ पासून आपले वेगळे पुरस्कार सुरू केले. स्ट्रीमी २०१३ मध्ये परतले, तेव्हा त्यामागे टीव्ही सोहळे करणारी मोठी कंपनी होती, आणि पुढे त्यांचा प्रकाशझोत यूट्यूबच्या ताऱ्यांकडे वळत गेला.

पुरस्कारानं माणूस सुरक्षित होतो, असंही नाही. इसा रे या तरुणीनं २०११ साली ‘द मिसअ‍ॅडव्हेंचर्स ऑफ ऑक्वर्ड ब्लॅक गर्ल’ ही मालिका यूट्यूबवर सुरू केली. तिचेही पैसे संपले आणि प्रेक्षकांनी छप्पन्न हजारांहून अधिक डॉलर जमवले. २०१२ मध्ये लोकांच्या मतदानातून तिला शॉर्टी पुरस्कार मिळाला, आणि लगेच ट्विटरवर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. ती थांबली नाही. २०१६ मध्ये तिची ‘इनसिक्युअर’ ही मालिका एचबीओवर आली.

त्याच २०१६ साली टीव्हीच्या एमी पुरस्कारांनी छोट्या मालिकांसाठी विभाग वाढवले. किमान सहा भाग आणि सरासरी पंधरा मिनिटं किंवा कमी, अशी अट होती. ‘अ‍ॅक्टिंग डेड’ या स्वतंत्र वेबमालिकेसाठी पॅट्रिका डार्बो यांना अभिनयाचं एमी मिळालं, तेव्हा मोठ्या घराचं दार उघडल्यासारखं वाटलं. पण सर्वोत्तम मालिकेचा मान त्या वर्षी टीव्ही वाहिनीवरच्या कार्यक्रमाला गेला, आणि २०१७ मध्ये ‘बेटर कॉल सॉल’ या गाजलेल्या मालिकेच्या छोट्या उपकथांना. पुढे २०२० मध्ये अभिनयाची दोन्ही एमी ‘क्विबी’ या मंचाच्या एका मालिकेला मिळाली. क्विबीनं पावणेदोन अब्ज डॉलर उभे केले होते. सप्टेंबरमध्ये पुरस्कार आले, ऑक्टोबरमध्ये क्विबी बंद होत असल्याची घोषणा झाली! पुरस्कार मंचाला वाचवत नाही. तो माणसाच्या कामाची नोंद ठेवतो, इतकंच.

आता आपल्याकडे वळू. २०१४ साली अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांनी यूट्यूबवर ‘कास्टिंग काउच’ ही छोटी मराठी मालिका केली. मराठीत असंही काही होऊ शकतं, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, निपुण यांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘लंपन’ला गोव्याच्या इफ्फीत सर्वोत्तम वेबमालिकेचा पुरस्कार मिळाला. मराठी माणसाला आनंद व्हावा अशीच ही गोष्ट आहे. पण २०२३ साली सुरू झालेला हा पुरस्कार ओटीटी मंचांवरच्या मालिकांसाठी आहे. आज नागपुरात किंवा कणकवलीत चार मित्र मोबाइलवर सहा मिनिटांचे भाग करत असतील, तर ते त्याच्या दारापर्यंत पोचत नाहीत.

त्यांच्यासाठी फार मोठा सोहळा नको. एखादी जुनी नाट्यसंस्था, एखादं विद्यापीठ, एखादा फिल्म क्लब पुढं आला तरी पुरे. परीक्षक जाणते असावेत, त्यांनी सगळे भाग नीट बघावेत, चुका तोंडावर सांगाव्यात आणि वेळ आली तर करंडक हातचा राखून ठेवण्याची हिंमतही दाखवावी. पुण्याच्या एका करंडकानं साठ वर्षांत आपल्या रंगभूमीला किती माणसं दिली, हे आपण पाहिलं आहे. छोट्या मालिकांना तसं घर देणं आपल्याला मुळीच जड नाही.