ती सुंदर का नाही? : सूझांची स्त्री आणि मुंबईतला अभिव्यक्तीवाद

आजचा थ्रेड एका चित्रातल्या स्त्रीविषयी. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे ‘बर्थ’, साल १९५५. आठ फूट रुंद पटावर एक गर्भवती विवस्त्र आडवी पडली आहे. जाड काळ्या रेषांनी बांधलेला देह, केसांत खोचलेल्या पिना, मागे खिडकीतून दिसणारे शहर. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ती चक्क भीतीदायक वाटली होती.

आपल्या घरांतील भिंतींवरचा स्त्रीचेहरा रविवर्म्यांनी घडवला. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्याने लक्ष्मी-सरस्वती घरोघरी नेल्या. तो चेहरा गोल, शांत, सुखावणारा. मग साठ वर्षांत असे काय झाले?

उत्तराचा एक धागा व्हिएन्नात आहे. १९३७ साली नाझींनी म्युनिकमध्ये ‘अधःपतित कला’ म्हणून आधुनिक चित्रांची जाहीर विटंबना केली. तिचा मोठा रोख अभिव्यक्तीवाद्यांवर होता. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रिया हिटलरच्या घशात गेला. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांची पत्नी ज्यू. दोघे मुंबईस आले आणि लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक झाले. समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि व्हिएन्नाचेच संग्राहक श्लेसिंगर हेही याच वर्तुळातले. जर्मनीत जे हाकलले गेले, ते मुंबईच्या दिवाणखान्यांत चर्चिले जाऊ लागले. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपला (सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे) या मंडळींचा मोठा आधार मिळाला.

परंतु सारे श्रेय निर्वासितांना देणे मला पटत नाही. सूझांचा जन्म १९२४ चा, गोव्यातील साळगावचा. वडील ते तान्हे असतानाच वारले. आईने मुंबईत शिवणकाम करून मुलाला वाढवले; तो देवीच्या आजारातून वाचला म्हणून नवस फेडताना संत फ्रान्सिसचे नाव त्याला दिले. चर्चमधला रक्ताळलेला, खिळे ठोकलेला देह त्याने व्हिएन्नाचे नाव ऐकण्याआधीच पाहिला होता. आम्हां मीरा-भाईंदरकरांना हे वेगळे सांगायला नको. उत्तन-डोंगरीच्या चर्चमध्ये डोकावले की वेदनेचे असे उघडे चित्रण समोर येतेच. १९४५ मध्ये जे. जे. तून काढून टाकले गेले, तेव्हा सूझा एकवीस वर्षांचे होते.

आता माझी खरी अडचण. ही स्त्री व्यक्ती आहे की चित्रकाराच्या भयाचे आणि वासनेचे केवळ निमित्त? सूझांच्या कित्येक विवस्त्र स्त्रिया मला दुसऱ्या प्रकारात मोडणाऱ्या वाटतात. १९४९ नंतरच्या लंडनमधील हलाखीत पत्नी मारिया यांच्या कमाईचा संसाराला मोठा आधार होता, हेही चरित्रात क्वचितच ठळकपणे येते.

‘बर्थ’ मात्र मला अपवाद वाटते. इथे देह कोणाच्या सुखासाठी मांडलेला नाही. तो एका कामात गुंतला आहे. २०१५ साली लिलावात या चित्राला चाळीस लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. ती आजही कोणाला सुखावत नाही.