अंकपत्ता आणि वापरकर्त्याची गोपनीयता

अंकपत्ता किंवा आयपी पत्ता म्हणजे आंतरजालाशी जोडलेल्या उपकरणास किंवा जोडणीस दिलेला क्रमांक होय. पाठविलेली माहिती कोणत्या ठिकाणी पोहोचवावयाची आणि उत्तर कोठे परत पाठवावयाचे, हे या क्रमांकावरून ठरते. त्यामुळे भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळास तो कळतो. मात्र अंकपत्ता ही जोडणीची खूण आहे, व्यक्तीची ओळख नव्हे.

स्वरूप

१९८१ साली निश्चित झालेल्या आयपीव्ही४ या पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. जागतिक साठ्यातील शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले. आयपीव्ही६ पद्धतीतील पत्ते १२८ बिटांचे असून त्यांची टंचाई नाही. तथापि या पद्धतीत सुरुवातीला पत्त्याच्या उत्तरार्धात उपकरणाचा कायम क्रमांक गुंफला जात असे. त्यामुळे जाळे बदलले तरी तेच उपकरण ओळखता येई. हा दोष टाळण्यासाठी ठरावीक काळाने बदलणारे तात्पुरते पत्ते वापरात आले.

सामायिक पत्ते व स्थाननिश्चिती

आयपीव्ही४ पत्ते अपुरे पडल्याने मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वापरू देतात. अशा वेळी नेमका ग्राहक शोधण्यासाठी केवळ पत्ता पुरत नाही; सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट क्रमांकही लागतो. घरातील वाय-फाय किंवा महाविद्यालयाचे जाळे असल्यास नोंदीतून जोडणीधारक कळतो, कळफलकावर कोणाचे हात होते ते नाही.

पत्त्यावरून काढलेले ठिकाणही अंदाजापुरतेच असते. मोबाइलची वाहतूक कंपनीच्या मोठ्या केंद्रातून बाहेर पडत असल्याने वर्धा जिल्ह्यातील आर्वी किंवा हिंगणघाट येथील वापरकर्ता नागपूर अथवा मुंबई येथे असल्याचे दिसू शकते.

पुणे पोलिसांचे प्रकरण

पत्ता म्हणजेच माणूस असे मानल्याचे परिणाम महाराष्ट्रात २००७ साली दिसून आले. ऑर्कुट या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी बदनामीकारक मजकूर टाकल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी ऑगस्ट २००७ मध्ये बंगळूर येथील एका संगणक अभियंत्यास अटक केली. पोलिसांना मजकुराशी संबंधित अंकपत्ता मिळाला होता. त्या पत्त्याचा ग्राहक कोण, हे आंतरजाल सेवा देणाऱ्या कंपनीने कळविले होते. ती माहिती चुकीची निघाली. तोवर त्या अभियंत्याने सुमारे ५० दिवस कारागृहात काढले होते. पुढे राज्य मानवी हक्क आयोगाने त्यास २ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश कंपनीला दिला. या प्रकरणात तांत्रिक पुराव्याची साखळी एका नोंदीवर उभी होती आणि अटकेपूर्वी ती नोंद दुसऱ्या कोणत्याही मार्गाने पडताळली गेली नाही, ही त्यातील सर्वांत गंभीर बाब होय.

कायदेशीर स्थिती

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ सालीच, विशिष्ट परिस्थितीत बदलता अंकपत्ता हीसुद्धा वैयक्तिक माहिती ठरते, असे म्हटले होते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात अंकपत्त्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिक, अशी त्यातील व्याख्या आहे.

दुसरीकडे, सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवादात्यांनी संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक झाले. व्हीपीएन सेवा मूळ अंकपत्ता संकेतस्थळापासून लपवितात. त्यांनी ग्राहकाची नावे व दिलेले पत्ते किमान ५ वर्षे ठेवावेत, असेही त्यात म्हटले आहे. त्यानंतर काही परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर हटविले.

विकिपीडियावरील अंकपत्ते

विकिपीडियावर सनोंद प्रवेश न करता संपादन केल्यास संपादकाचा अंकपत्ता लेखाच्या इतिहासात सर्वांना कायम दिसत असे. विकिमीडिया प्रतिष्ठानने २०२४ पासून टप्प्याटप्प्याने त्याऐवजी तात्पुरती खाती सुरू केली. त्यांमागील पत्ता उत्पात रोखण्याचे काम करणाऱ्या मोजक्या अधिकारप्राप्त सदस्यांनाच पाहता येतो.