शेजाऱ्याची तिजोरी

रायपूरला मुख्य ठाण्याचा मान मिळाला तो एका तात्पुरत्या व्यवस्थेतून. १८१८ मध्ये अप्पासाहेब भोसले पदच्युत झाले आणि अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या नावाने इंग्रज रेसिडेंट नागपूरचा कारभार पाहू लागला. छत्तीसगढवर नेमलेल्या मेजर अ‍ॅग्न्यू यांनी ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले व महसुलाची घडी बसविली. १८३० मध्ये प्रांत भोसल्यांना परत मिळाला; पण १८५४ मध्ये, वारस नाही या सबबीवर, सारे राज्यच खालसा झाले.

शेजाऱ्याची तिजोरी त्याच्याच हितासाठी सांभाळण्याची ही रीत पुढे अमेरिकेतही दिसते. शेजारी राष्ट्रांत अनागोंदी माजल्यास हस्तक्षेप करू, असे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०४ मध्ये जाहीर केले. १९०५ पासून कर्जबाजारी डॉमिनिकन प्रजासत्ताकाची जकात अमेरिकी अधिकारी वसूल करू लागले : ४५ टक्के त्या सरकारला, उरलेली धनकोंसाठी. तरीही १९१६ मध्ये अमेरिकी फौजा तेथे उतरल्या, त्या १९२४ पर्यंत राहिल्या.

आम्ही सरकारी नोकर चोख वसुलीलाच सुशासन समजतो. परंतु वसूल करणारा हिशेब कोणाला देतो, हा प्रश्न आधीचा आहे. तो जेथे विचारला जात नाही, तेथे तात्पुरती व्यवस्था सहसा तात्पुरती राहत नाही.