डोंगरउतारावर गावाची बाग करायचीय? जेसीबी लावण्याआधी हे वाचा

गावठाणात सपाट जागा उरली नाही की बागेसाठी डोंगराची कड दाखवली जाते. मग जेसीबी बोलवा, उतार कापा, मैदान करा, असं सुरू होतं. खाली घरं असतील तर धोका इथेच आहे. पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो आणि पुढे ढकललेला भराव पावसात पाणी पिऊन जड होतो. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडलं गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. मुसळधार पावसासोबत उतार सपाट करण्याचा मुद्दाही तेव्हा चर्चेत आला होता.

त्यामुळे पहिलं काम पाण्याचं. भर पावसात जागेवर जाऊन ओघळ कुठून येतात ते बघावं, मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. बागेच्या वरच्या अंगाला चर काढून ते पाणी बाजूच्या नाल्यात सोडावं. जुना ओघळ बुजवून त्यावर बाकडी ठेवू नयेत, पाणी आपली वाट विसरत नाही.

एकच मोठं मैदान करण्यापेक्षा शेतातल्या ताली असतात तसे छोटे टप्पे बरे. प्रत्येक टप्प्याला दगडी भिंत, तिच्यामागे खडी आणि भिंतीत पाणी निघायला पाईप. गवंडी पाईप विसरतात, आणि मग पोट सुटून भिंत कोसळते. कमरेपेक्षा उंच भिंत इंजिनिअरच्या आराखड्याशिवाय बांधू नये. गुडघ्याएवढी असेल तर तीच बसायला कट्टा होते, बाकड्यांचा खर्च वाचतो.

म्हाताऱ्या माणसांसाठी आणि व्हीलचेअरसाठी रॅम्पचा हिशोब १:१२ धरतात. म्हणजे ३ मीटर चढायला ३६ मीटर वाट, तीही नागमोडी आणि मध्ये थांबायला सपाट जागा ठेवून. एवढी जागा नसेल तर निदान पहिला टप्पा रस्त्याच्या पातळीत ठेवावा.

झोपाळे भरावावर नकोत, मूळ जमिनीवर रोवावेत. घसरगुंडी मात्र उतारावरच टेकवता येते, शिडी लागत नाही. मोकळ्या उतारावर वाळा लावावा, मुळं खोल जाऊन माती धरतात.

ग्रामसभेच्या ठरावाआधी सातबारा पाहावा. जागा वनखात्याची निघाली तर परवानगीशिवाय कुदळही मारता येत नाही.