जाणूनबुजून: एका अटीची कुळकथा

पाप प्राणघातक ठरायला कॅथलिक शिकवणुकीत तीन अटी आहेत. गोष्ट गंभीर हवी, तिचे गांभीर्य करणाऱ्याला पुरते ठाऊक हवे आणि तरीही त्याने ती राजीखुशीने, जाणूनबुजून केलेली हवी. तिन्ही अटी जुळल्या तरच माणूस देवाच्या कृपेपासून तुटतो. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात हा नियम एका वाक्यात येतो. ते वाक्य घडायला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

त्याचे मूळ यहुदी धर्मशास्त्रात आहे. ‘लेवीय’ या पुस्तकात नकळत घडलेल्या पापासाठीही अर्पण सांगितले आहे: याजकाने गोऱ्हा द्यावा, अधिपतीने बकरा, सामान्य माणसाने बकरी किंवा मेंढी. ‘गणना’ या पुस्तकात मात्र उद्दामपणे पाप करणाऱ्याला असे अर्पण नाही; त्याचा लोकांतून उच्छेद करावा, अशी आज्ञा आहे. लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून सोबती मेला, तर तोडणाऱ्याने आश्रयाच्या नगरात पळून जावे आणि जीव वाचवावा, असे ‘अनुवाद’ हे पुस्तक सांगते. नकळत घडलेलेही भरून काढावे लागे, पण त्याचे माप वेगळे होते.

येशूने हे माप मनाच्या आत नेले. परस्त्रीकडे कामुक नजरेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात तो म्हणतो. लूकाच्या शुभवर्तमानातल्या दाखल्यात धन्याची इच्छा ठाऊक असून तिच्याप्रमाणे न वागणाऱ्या चाकराला पुष्कळ फटके बसतात, ठाऊक नसलेल्याला थोडे. अज्ञानाने दोष घटतो, पण पुसला जात नाही. पुढच्या सगळ्या वादाचे बीज या ‘थोड्या’ फटक्यांत आहे.

इसवी सन ४१० मध्ये व्हिसिगॉथ टोळ्यांनी रोम लुटले, तेव्हा अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर बलात्कार झाले. त्यांचे पावित्र्य गेले का, असा प्रश्न लोक विचारू लागले. बिशप ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात त्याचे उत्तर दिले: पावित्र्य मनाच्या संकल्पात असते, दुसऱ्याच्या बळजबरीने ते भंगत नाही. संमती नाही तिथे पाप नाही, हा विचार इथे जखमी माणसांच्या बाजूने उभा राहिला. मात्र याच ऑगस्टीनने आदिपापाचा सिद्धान्तही मांडला. त्यानुसार नुकत्याच जन्मलेल्या, कसलीही इच्छा न केलेल्या बाळालाही आदामाच्या दोषाचा वारसा असतो. हा ताण त्याच्या पश्चातही टिकला.

सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठांत प्रायश्चित्ताच्या वह्या तयार झाल्या. अमुक कृत्याला इतके दिवस उपास, इतके महिने भाकर-पाणी. हेतूचा विचार त्यांत होता, पण मुख्य मोजणी कृत्याचीच. बाराव्या शतकात पॅरिसच्या तत्त्वज्ञ पीटर आबेलारने या मोजणीलाच आव्हान दिले. त्याचे उदाहरण अंगावर काटा आणते. एका गरीब आईजवळ पुरेसे पांघरूण नसते. थंडीने कुडकुडणाऱ्या बाळाला ती कुशीत घेते, तिला झोप लागते आणि बाळ तिच्याखाली गुदमरते. तिच्यावर कडक प्रायश्चित्त लादले जाते, पण ते इतर आयांनी सावध राहावे म्हणून; तिच्या मनात प्रेमावाचून काही नव्हते. पाप म्हणजे दुष्टतेला दिलेली संमती, एवढीच त्याची व्याख्या. तिच्या आधारे त्याने असेही म्हटले की, आपण देवाची सेवा करतो आहोत असे मनापासून मानून ज्यांनी ख्रिस्ताला क्रुसावर दिले, त्यांना त्या कृत्याबद्दल दोषी म्हणता येत नाही. क्लेअरव्होचा मठाधिपती बर्नार्ड याने पुढाकार घेतला आणि साँसच्या धर्मसभेत आबेलारच्या मतांचा निषेध झाला.

तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्विनासने तोल साधला. टाळता न येणारे अज्ञान दोषमुक्त करते. पण जे ठाऊक असणे आपले कर्तव्य होते, ते आळसाने किंवा सोयीसाठी जाणून न घेणे हेच पाप आहे. लूकाच्या दाखल्यातल्या थोड्या फटक्यांचे कारण मला इथे सापडते: चाकराला धन्याची इच्छा विचारता आली असती.

नंतरच्या काळात पोपांनी दोन्ही टोकांना नकार दिला. इच्छा हा पापाच्या व्याख्येचा भागच नाही, हे धर्मपंडित मिखाएल बायसचे विधान पाचव्या पायसने १५६७ मध्ये निषिद्ध ठरवले. उलट, पाप करताना देव मनात नसला तर देवाचा अपराध होत नाही, हे मत आठव्या अलेक्झांडरने १६९० मध्ये फेटाळले. त्याआधी १६५६ मध्ये फ्रेंच विचारवंत पास्कालने अशाच पळवाटेवर कोरडे ओढले होते: देवाचा विचारच न करणारा सर्वांत निर्दोष ठरणार का? कॅथलिकांबाहेर उत्तरे आणखी वेगळी आहेत. ऑर्थोडॉक्स उपासक जाणता-अजाणता घडलेल्या दोन्ही पापांची क्षमा मागतात. प्रोटेस्टंट सुधारक लूथरच्या मते संमतीआधीची दुर्वासनाही पापच. तर मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली ज्ञात नियमाचे स्वेच्छेने केलेले उल्लंघन हेच खऱ्या अर्थाने पाप मानतो, अजाणता घडलेल्या चुकांनाही ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताची गरज आहे, हे जोडूनच.

या कुळकथेतून मला एक निवाडा दिसतो. ‘जाणूनबुजून’ ही अट पीडितांना आणि भाबड्या, भेदरलेल्या मनांना आधार म्हणून घडली. बेफिकिरांना ढाल म्हणून नाही. म्हणून जिच्यावर बळजबरी झाली तिला कोणीही कलंकित म्हणू नये. आणि ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे: ठाऊक करून घेता आले असते का?